रिसीव्हर बदलायचा की नाही: आमच्या हॉलमधले आठ महिने

मे महिन्यातला रविवार, दुपारचे तीन, बाहेर ४३ डिग्री, हॉलमध्ये कूलर फुल सोडलेला आणि सिनेमा ऐन रंगात आलेला, तेवढ्यात रिसीव्हरमधून खट् असा आवाज आला आणि सगळं गप्प. टीव्हीवर माणसं बोलतायत पण आवाज नाही, आणि रिसीव्हरचा दिवा लुकलुकतोय. अर्धा तास थांबून परत चालू केला तर चालला, वीस मिनिटांनी परत खट्. भाचा पुण्यात शिकायला असतो, तो सुट्टीला आला होता, तो लगेच म्हणाला, "मामा, तेरा वर्षं झाली याला, आता बदलाच. ॲटमॉस नाही, ४के नाही, काहीच नाही यात."

त्याचं चुकीचं नव्हतं. आमचा रिसीव्हर २०१२ चा, ५.१ चा. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, टीव्ही किंवा सेट टॉप बॉक्समधून आलेला आवाज घेऊन तो समोरचे दोन, मधला एक (बोलणं मुख्यतः यातनंच येतं), मागचे दोन अशा पाच स्पीकरना आणि सबवूफरला वाटून देणारा हा डबा, आत प्रत्येक स्पीकरचा वेगळा ॲम्प्लिफायर असतो. दिवाळीच्या बोनसमधून घेतला होता, घरात आला त्या रात्री आम्ही दोन वाजेपर्यंत बसलो होतो. आता घ्यायचा म्हणजे दसऱ्याला घेऊ, तोपर्यंत नीट विचार करू असं ठरवलं, आणि तो विचार मे पासून सुरू झाला तो पार जानेवारीपर्यंत चालला. त्यात काय काय कळत गेलं ते लिहितोय, कारण मला हे आधी कुणी सांगितलं असतं तर फार बरं झालं असतं.

खरं कारण मात्र बंद पडणं हे नव्हतंच. खरं कारण अप्पा. अप्पा म्हणजे माझे वडील, वय ७४. आयुष्यभर मागावर काम केलं, आधी सोलापूरच्या पूर्व भागात आणि नंतर अक्कलकोट रोड एमआयडीसीत, चादरीच्या जेकार्ड मागावर. रोज रात्री जेवण झालं की ते माझ्या शेजारी सोफ्यावर बसतात आणि दर दोन मिनिटांनी विचारतात, "काय म्हणला रे तो?" मी सांगतो, तोवर पुढची दोन वाक्यं गेलेली असतात. मग मी आवाज वाढवतो. आमच्या रिसीव्हरवर आवाज उणे डेसिबलमध्ये दिसतो, आकडा शून्याच्या जितका जवळ तितका आवाज मोठा, पूर्वी उणे २८ वर सगळं व्यवस्थित ऐकू यायचं, हळूहळू करत आम्ही उणे १४ वर आलो होतो. मारामारी सुरू झाली की खिडकीच्या काचा थरथरायच्या, आतल्या खोलीतनं मुलगी ओरडायची, आणि संवाद आले की अप्पांचं परत तेच, काय म्हणला रे तो. माझी समजूत अशी झाली होती की रिसीव्हर म्हातारा झाला, त्याच्यात आता दम राहिला नाही, जास्त ताकदीचा आणला की बोलणं स्पष्ट येईल.

आधी दुरुस्तीला नेला. कन्ना चौकाच्या बाजूला एक जुने रिपेअरवाले आहेत, तिथे उचलून नेला, साडेसात-आठ किलोचं धूड. त्यांनी वरचं झाकण काढलं आणि मला जवळ बोलावून दाखवलं. आत हीट सिंकच्या, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पात्यांमध्ये करड्या रंगाची धूळ अक्षरशः वाकळीसारखी बसलेली, बोटाने ओढली तर सलग पट्टी निघाली. "सर, कुठं ठेवता हो हे?" म्हणाले. टीव्हीखालच्या कपाटात, काचेच्या दाराआड, म्हणलं. ते काहीच बोलले नाहीत, नुसते माझ्याकडे बघत राहिले. सोलापूरचा मे महिना, बंद कपाट, आत २०० वॅट ओढणारा डबा, तो स्वतःला वाचवायलाच बंद होत होता, त्यालाच प्रोटेक्शन मोड म्हणतात. शिवाय मधल्या स्पीकरचा आवाज कधी कधी बारीक व्हायचा आणि व्हॉल्यूम जोरात वाढवला की एकदम सुटायचा, ते रिलेचे, म्हणजे स्पीकर जोडणाऱ्या आतल्या स्विचचे, पॉइंट काळे पडल्यामुळे होतं. त्यांनी धूळ साफ केली, रिले बदलला, साडेआठशे रुपये घेतले. मी घरी येऊन कपाटाची दारं काढून टाकली आणि मागच्या फळीला मोठं भोक पाडून घेतलं. त्यानंतर एकदाही बंद पडला नाही.

पण अप्पांचं विचारणं काही थांबलं नाही.

ऑगस्टमध्ये एका दुकानात गेलो. सेल्समन चांगला बोलका होता, पण त्याचं सगळं बोलणं वॅटवर. हा १३५ वॅटचा, तो १४५ वॅटचा, तुमचा जुना शंभरचा असेल, मग सर संवाद कुठनं ऐकू येणार. मी भारावून गेलो होतो, ६२ हजारांचं कोटेशन खिशात घालूनच बाहेर पडलो. घरी येऊन रात्री कागद-पेन घेऊन बसलो तेव्हा हिशोब वेगळाच निघाला. आवाज फक्त ३ डेसिबलने वाढवायचा तर पॉवर दुप्पट लागते. शंभराचे १४५ केले तर वाढ होते दीड डेसिबलच्या आसपास, म्हणजे कानाला जेमतेम जाणवेल एवढी. आणि ते मोठे आकडेही बहुतेक वेळा एकच चॅनल चालू ठेवून, ६ ओहमवर, डिस्टॉर्शन, म्हणजे आवाजाचा बिघाड, जास्त धरून काढलेले असतात, पाचही स्पीकर एकदम चालले की आकडा खाली येतो. त्याहून महत्त्वाचं, माझ्या स्पीकरच्या मागे ८९ डीबी लिहिलंय, म्हणजे एक वॅट दिला तर एक मीटरवर ८९ डेसिबल. आमचा सोफा साधारण तीन मीटरवर, तिथे ते ८० च्या आसपास पोचतं. घरात माणूस साधं बोलतो ते ६० च्या जवळपास. म्हणजे संवाद ऐकताना माझा जुना रिसीव्हर एक वॅटसुद्धा खर्च करत नाहीये आणि मी वॅटसाठी ६२ हजार मोजायला निघालो होतो!

हे कळल्यावर पॉवरचा विषय डोक्यातनं गेला. मग उरला भाच्याचा मुद्दा, ४के आणि ॲटमॉस.

४के चं असं आहे की २०१२ च्या रिसीव्हरमध्ये एचडीएमआयची, म्हणजे चित्र-आवाज नेणाऱ्या जोडणीची, १.४ आवृत्ती असते, ती २००९ सालची. २.० आलं २०१३ ला, २.१ आलं २०१७ ला. १.४ मधून ४के जातं पण सेकंदाला ३० फ्रेमपर्यंतच, आणि मुख्य अडचण वेगळीच असते, ४के साठी जी कॉपी प्रोटेक्शनची नवी कुलूपपद्धत लागते, एचडीसीपी २.२, ती जुन्या डब्यात नसते, त्यामुळे स्ट्रीमिंग बॉक्स अशा रिसीव्हरमधून टीव्हीला जोडला तर तो गपचूप १०८०पी वर, म्हणजे साध्या फुल एचडीवर उतरतो आणि एचडीआर, म्हणजे उजेड-अंधाराचा जास्तीचा झळाळ, तो पण जातो. म्हणून मी दोन वर्षांपूर्वीच सगळं टीव्हीमधल्या ॲपवर आणलं होतं आणि टीव्हीतनं एआरसीने, म्हणजे त्याच एचडीएमआय केबलमधून, आवाज फक्त उलटा रिसीव्हरकडे पाठवत होतो. चित्र ४के, आवाज पाच स्पीकरमधून, मला वाटायचं काय मस्त जुगाड झालाय. या जुगाडातच खरी गोम होती ते पुढे सांगतो.

ॲटमॉससाठी, म्हणजे डोक्यावरूनही आवाज येतो त्या पद्धतीसाठी, मी मुद्दाम पुण्याला गेलो. सकाळची हुतात्मा एक्सप्रेस पकडली, भाचा स्टेशनवर घ्यायला आला आणि एका शोरूममध्ये डेमो ऐकला. डॉल्बी ॲटमॉस थिएटरमध्ये आलं २०१२ ला आणि घरच्या रिसीव्हरमध्ये २०१४ पासून, म्हणजे आमचा डबा त्याला थोडक्यात मुकला. तिथे छतात स्पीकर बसवलेले होते, पावसाचा सीन लावला आणि खरं सांगतो, माझी मान आपोआप वर गेली. फार सुंदर अनुभव आहे तो, खोटं कशाला बोलू. पण त्या खोलीच्या भिंतींना सगळीकडे जाड पॅनल होते, जमिनीला कार्पेट, पंखा नाही, एसीचा आवाज नाही. मी त्यांना विचारलं, छत न फोडता वरती तोंड करून ठेवायचे जे स्पीकर येतात त्यांनी हे होईल का. त्यांनी सरळ उत्तर दिलं, छत सपाट आणि कडक पाहिजे, आवाज तिथे आपटून खाली येतो, मध्ये काही आलं तर मजा जाते. आमच्या हॉलच्या छताला मधोमध बीम आहे आणि बरोबर जिथे आवाज आपटायचा तिथे पंखा. सोलापुरात वर्षातले दहा महिने पंखा पाचवर असतो. परतीच्या गाडीत मी कुर्डुवाडीपर्यंत हाच विचार करत होतो की तो पाऊस मला आवडला, पण अप्पांना त्या पावसात माणसं काय बोलली हे कळलं असतं का.

घरी आल्यावर बायकोला सगळं सांगत होतो, एचडीएमआय, एचडीसीपी, छत, बीम. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "अहो, एक सांगू का, अप्पा दर वेळी नाही विचारत. बोलणाऱ्याचं तोंड दिसत नसतं ना, तेव्हाच विचारतात. आणि ते साउथचे डब केलेले पिक्चर लागले की उठूनच जातात."

मी तेरा वर्षं त्यांच्या शेजारी बसतोय, माझ्या लक्षात आलं नव्हतं.

ज्यांनी मागाचं शेड आतून बघितलेलं नाही त्यांना सांगतो, आत गेल्यावर शेजारच्या माणसाशी बोलता येत नाही. धोटा, म्हणजे आडवं सूत नेणारा लाकडी ठोकळा, इकडून तिकडे फेकला जातो त्याचा खडखडाट, असे पंधरा-वीस माग एकाच पत्र्याखाली, नव्वद डेसिबलच्या वर आवाज दिवसभर. तिथली माणसं खुणांनी आणि ओठांवरनं बोलतात. मी लहान असताना अप्पांनी मला शेडच्या दारात जेवणाचा डबा घेऊन आलेला बघितलं की ते आतून नुसते ओठ हलवून सांगायचे, ठेव तिथं, घरी जा, आणि मला बरोबर कळायचं. चाळीस वर्षं हे केल्यावर माणसाला ओठ वाचायची सवय लागते आणि ती त्यांची त्यांनाही माहीत नसते. म्हणजे अप्पा सिनेमा निम्मा ऐकत होते आणि निम्मा वाचत होते.

मग मला एकदम शंका आली, ओठ आणि आवाज एकत्र येतायत का तरी? टेस्टचा व्हिडिओ असतो, पडद्यावर पांढरा झबका येतो आणि त्याच क्षणी टुक् असा आवाज येतो. तो लावला, समोर मोबाईल धरून रेकॉर्ड केलं आणि मोबाईलवर एक एक फ्रेम सरकवत बघितलं. झबका आल्यावर आवाज पाचव्या फ्रेमला. दहा वेळा केलं, कधी चार, कधी पाच. सेकंदाला ३० फ्रेम धरल्या तर १३० ते १६० मिलिसेकंद आवाज मागे! टीव्ही प्रसारणासाठी आयटीयू या आंतरराष्ट्रीय संस्थेचे आकडे आहेत त्यात आवाज चित्राच्या पुढे गेला तर ४५ मिलिसेकंदालाच माणसाला कळतं आणि मागे पडला तर १२५ च्या आसपास कळायला लागतं, मागे पडलेला आपण जास्त चालवून घेतो कारण निसर्गात आवाज नेहमी उशिराच येतो, वीज आधी दिसते आणि गडगडाट नंतर. मला जाणवत नव्हतं कारण मी कानाने ऐकतो. अप्पांच्या दृष्टीने मात्र प्रत्येक माणसाचे ओठ एक सांगत होते आणि स्पीकर दुसरं.

कारण तोच माझा जुगाड. ॲपमधून आवाज येतो डॉल्बी डिजिटल प्लस या नव्या साच्यात, माझा जुना रिसीव्हर एआरसीवरून तो घेत नाही, साधा डॉल्बी डिजिटल घेतो, म्हणून टीव्ही बसून तो आवाज बदलतो, मग पाठवतो, मग रिसीव्हर परत उलगडतो, या सगळ्यात वेळ जातो. रिसीव्हरमध्ये लिप सिंकचं सेटिंग आहे पण ते आवाज अजून मागे ढकलायचं, पुढे ओढायचं नाही, आवाज पुढे कुणालाच ओढता येत नाही.

इथे मला वाटलं की झालं, आता नवा घ्यायलाच पाहिजे, कारण नव्या रिसीव्हरमध्ये ईएआरसी, म्हणजे एआरसीची सुधारलेली आवृत्ती असते आणि त्यात ओठ-आवाज जुळवणं सक्तीचं आहे. दुसऱ्या दिवशी दुकानात फोनसुद्धा केला, दसऱ्याला अजून आठ दिवस होते. रात्री टीव्हीच्या मागे टॉर्च मारून बघितलं, पोर्टवर नुसतं एआरसी लिहिलेलं. टीव्ही २०१८ चा. ईएआरसी दोन्ही टोकांना लागतं, एकाच डब्यात असून उपयोग नाही. म्हणजे रिसीव्हर घेतला असता आणि या वायरवर काहीच बदललं नसतं, वर मी म्हणत बसलो असतो की नवा आहे तर चांगलाच असणार. या एका गोष्टीसाठी सांगतो, कुणी घेणार असाल तर आधी टीव्हीच्या मागे जाऊन पोर्टवर काय लिहिलंय ते बघून या.

त्या आठवड्यात मी उलटा प्रयोग केला. कपाटात पडलेला जुना स्ट्रीमिंग बॉक्स काढला, थेट रिसीव्हरला जोडला आणि तिथून टीव्हीला. आता डॉल्बी डिजिटल प्लस रिसीव्हर स्वतःच उलगडतो, एचडीएमआयच्या इनपुटवर त्याला ते जमतं, फक्त एआरसीवर जमत नव्हतं. आणि गंमत अशी की आता चित्र टीव्हीत थोडं रेंगाळतं आणि आवाज आधी येतो, म्हणजे लिप सिंकचं सेटिंग कामाला आलं. ७० मिलिसेकंद ठेवल्यावर झबका आणि टुक् एकाच फ्रेमवर आले. मला त्या रात्री झोप लागली नाही एवढा आनंद झाला होता.

गेलं काय? ४के गेलं, १०८०पी राहिलं. हे मनाला लागतं म्हणून हिशोब केला. ५५ इंची टीव्ही, चांगली नजर असली तरी साधारण सात फुटांच्या पलीकडे १०८०पी चे ठिपके वेगळे दिसत नाहीत, आमचा सोफा दहा फुटांवर. एचडीआर गेलं ते मात्र दिसतं, रात्रीच्या सीनमध्ये दिव्यांचा तो झळाळ राहत नाही, त्याचं मला वाईट वाटतं. एखादा सिनेमा नुसता डोळ्यांसाठी बघायचा असला तर मी एकटा टीव्हीच्या ॲपवर बघतो.

अप्पांमध्ये फरक पडला. पूर्ण नाही, पण पडला. डब केलेले सोडून बाकी सिनेमात विचारणं निम्म्यावर आलं. मग मी हॉलच्या मागे लागलो.

आमचा हॉल सोळा बाय अकरा, खाली गुळगुळीत टाइल्स, एका बाजूला काचेचं शोकेस, समोर उघडी भिंत. मधोमध उभं राहून टाळी वाजवली की टर्रर् असं काहीतरी मागून येतं. टाळीचं जे होतं तेच बोलण्याचं होतं, प्रत्येक अक्षराच्या मागे त्याची शेपटी पुढच्या अक्षरावर सांडते. कुठे काय लावायचं हे आरशाने कळतं, आपण सोफ्यावर बसायचं, दुसऱ्याने भिंतीला लावून आरसा सरकवत न्यायचा, जिथे आरशात मधला स्पीकर दिसेल तिथे आवाज आपटतोय. मुलीने आरसा धरला, पेन्सिलने खुणा केल्या. पुण्यात त्या पॅनलची किंमत ऐकली होती, चार पॅनलचे अकरा हजार.

सोलापुरात माणूस भिंतीला लावायला जाड कापड शोधणार असेल तर तो कुठे बघणार? आमच्या माळ्यावर चादरींची पेटी आहे. अप्पा स्वतः उठून आले, स्टूलवर चढू नका म्हणलं तरी खाली उभं राहून सांगत होते, ती नको, ती पातळ आहे, तिच्या खालची. एक मरून रंगाची काढली, कोपरा उलटा केला, बोटाने मागची वीण चाचपली. सोलापुरी चादरीला उलटं-सुलटं नसतं, एका बाजूला मरूनवर पांढरं फूल तर दुसऱ्या बाजूला पांढऱ्यावर मरून, तेच डिझाइन रंग उलटे होऊन. "ही बघ, सुतात कंजुषी नाही," म्हणाले आणि काठ नाकाशी नेऊन वास घेतला.

नुसती भिंतीला चिकटवून उपयोग नसतो. 'स', 'श', 'त', 'फ' ही अक्षरं ओळखू येतात ती २ हजार हर्ट्झ आणि त्याच्या वरच्या, म्हणजे बारीक पट्टीच्या आवाजांवरनं, २ हजारची लहर साधारण १७ सेंटिमीटर लांब, तिच्या पाव भागाएवढं अंतर भिंतीपासून सोडलं तर कापड तिला चांगलं पकडतं, म्हणजे चार-साडेचार सेंटिमीटर. म्हणून पडद्याचे दोन रॉड पुढे काढून लावले आणि चादर दुहेरी करून, थोड्या चुण्या ठेवून सोडली. एक डाव्या भिंतीला, एक शोकेसच्या काचेवर, सिनेमा बघताना सरकवायची आणि नंतर बाजूला करायची. खाली सतरंजी. बासला याने काही होत नाही, तो तसाच राहतो, त्यासाठी जाडजूड काहीतरी लागतं ते मी केलं नाही. पण टाळीची ती टर्रर् गेली. मधला स्पीकर कपाटाच्या कप्प्यात आत ढकललेला होता तो पुढे काठावर आणला आणि खाली रबराचा तुकडा घालून तोंड थोडं वर, कानाच्या दिशेने केलं. रिसीव्हरमध्ये सगळे स्पीकर स्मॉल केले, क्रॉसओव्हर ८० हर्ट्झ, म्हणजे त्याखालचा बास सबवूफरकडे जातो, मधला ३ डेसिबलने वर, आणि रात्रीसाठी डायनॅमिक रेंज कमी केली, म्हणजे मारामारी आणि कुजबुज यांच्यातलं अंतर कमी होतं. ही सगळी सेटिंग तेरा वर्षं त्या डब्यात होती.

पंख्याचंही बघितलं. मोबाईलच्या ॲपवर पाचवर पंखा ४९ दाखवायचा, तीनवर ४१, कूलर ६२. ॲप काही फार अचूक नसतं पण फरक तर कळतो. आता ऑक्टोबरनंतर पंखा तीनवर. उन्हाळ्यात काय करायचं हा प्रश्न आहेच, आणि चार-पाच दिवसांनी नळाला पाणी येतं त्या रात्री शेजारपाजारच्या सगळ्या मोटारी एकदम सुरू होतात, त्या दिवशी आम्ही सिनेमा लावतच नाही.

दसरा गेला. दुकानातनं दोनदा फोन आला, मी थांबतोय म्हणून सांगितलं.

नोव्हेंबरमध्ये अप्पांना कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. मला वाटत होतं ते चिडतील, पण ओठांचं मी त्यांना सांगितल्यापासून तेच विचारात पडले होते. त्या बंद खोलीत हेडफोन लावून बसवलं, आवाज आला की बटण दाबायचं, काचेतनं मी बघत होतो, मशीनवर आवाज गेल्याचा दिवा लागायचा आणि अप्पा शांत बसून राहायचे, बोट हलायचं नाही. परत दिवा, परत काही नाही. ते बघताना माझ्या घशात आवंढा आला. ग्राफ आला तो ५०० आणि १००० हर्ट्झला बऱ्यापैकी वर आणि ४००० ला एकदम खड्डा. डॉक्टरांनी विचारलं, मागावर होता का? सोलापुरात त्यांना हे रोज दिसत असणार. म्हणाले, 'अ', 'आ', 'ओ' यांना ऐकू येतं, त्यामुळे कुणीतरी बोलतंय हे कळतं, काय बोलतंय ते कळत नाही, म्हणून नुसता आवाज वाढवून भागत नाही, ऐकू येणारं अजून मोठं होतं आणि न येणारं तसंच राहतं. मला उणे १४ आठवलं. मी सहा-सात वर्षं त्यांच्यासाठी फक्त 'आ' आणि 'ओ' मोठे करत होतो.

त्या ग्राफचा फोटो घेऊन मी घरी आलो आणि रिसीव्हरच्या इक्वलायझरमध्ये फक्त मधल्या स्पीकरला २.५ आणि ४ किलोहर्ट्झला थोडं थोडं वर केलं, तीन-चार डेसिबल, जास्त केलं की माझ्याच कानाला टोचायला लागतं. श्रवणयंत्राला अप्पा आधी नको म्हणत होते, मग पंधरा दिवस ट्रायलवर घ्यायला तयार झाले, मग ठेवू म्हणाले. दोन्ही कानांचं मिळून रिसीव्हरच्या बजेटमधले बरेचसे पैसे तिकडे गेले आणि ते तिकडेच जायला पाहिजे होते.

तर निर्णय असा झाला की सध्या रिसीव्हर बदलत नाही. टीव्ही जाईल तेव्हा ईएआरसीवाला टीव्ही येईल, आणि त्याच्या बरोबर रिसीव्हर, त्या दोघांचा विचार एकत्रच करायचा हे आता मला पक्कं कळलंय. ज्यांच्याकडे नवा टीव्ही आहे, गेमिंगचा बॉक्स आहे, छत मोकळं आहे त्यांनी जरूर घ्यावा, त्यांचं गणित माझ्यापेक्षा वेगळं आहे आणि पुण्यातला तो पाऊस मी विसरलेलो नाही. आणि जुना मधेच गेला तर मात्र ५.१ चाच साधा, ४के आणि एचडीसीपी २.२ वाला घेईन, सात स्पीकरच्या मागे लागणार नाही. भाचा थोडा नाराज आहे, पण दिवाळीत आला तेव्हा चादरींच्या मागे जाऊन टाळ्या वाजवून आला आणि म्हणाला, "मामा, हे भारीच आहे हो."

जानेवारीत सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेत फिरून आलो त्या रात्री सगळे दमले होते, अप्पा म्हणाले थोडा वेळ लावा काहीतरी. जुना ब्लॅक अँड व्हाइट मराठी सिनेमा लागला होता. रिसीव्हर उणे २७ वर. एक बाई अंगणात येऊन उभी राहते आणि घराच्या आतून कुणीतरी तिला हटकतं, कोण आहे ते. मी मोबाईलमध्ये बघत होतो. अप्पा सोफ्यावरनं म्हणाले, "अगं थोरली आलीय, दार उघड की."

मी वर बघितलं. पडद्यावर नुसतं बंद दार होतं.